बाळंतिणीचा बसलेला आवाज

पत्र:

ताई, नमस्कार. मी इंदूरमध्ये एका रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक बाळंतीण होती. माहेर जळगावकडचं, सासर इथलंच, आपल्याच मराठी लोकांतलं. दुसरीही मुलगी झाली. दंडावर बोटांच्या आकाराचे काळेनिळे डाग होते. विचारलं तर म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. आवाजही बसलेला होता, सर्दी झाली म्हणाली. सासू पलंगापासून हलत नव्हती. नवरा आला की हिचं बोलणं बंद व्हायचं. मोठी मुलगी तीन-साडेतीन वर्षांची, बाप दिसला की पलंगाखाली जाऊन बसायची. पहिलं बाळंतपणही माहेरी होऊ दिलं नव्हतं, असं बोलण्यात आलं.

मी इनचार्ज सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरचं भांडण आहे, आपण पडायचं नाही, उद्या कोर्टात आपल्यालाच उभं करतील. डिस्चार्जच्या दिवशी तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "सिस्टर, तुमची ड्युटी कधी असते?" मी सांगितलं आणि ती गेली.

सासूबाई माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या. मंडळातल्या मोठ्या बायकांकडून त्यांना समज द्यावी असं मला वाटतं. आता दीड महिन्याच्या लसीला ती येईल. पोलिसांना कळवू का? की सासूबाईंशीच बोलू? मला रात्री झोप लागत नाही.
एक सिस्टर, इंदूर

उत्तर:

सिस्टर,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर चालणार नाही. सासूबाईंशी बोलू नका. आईमार्फत नको, मंडळातल्या वडीलधाऱ्या बायकांमार्फत तर मुळीच नको. तुमचा हेतू चांगला आहे आणि आपल्या लोकांत ही रीत जुनी आहे. इंदुरातली मराठी घरं तिलकनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशी पसरलेली असली तरी हळदीकुंकू, गणपती आणि भजन यांमुळे सगळ्यांना सगळे ठाऊक असतात. काही बिनसलं की चार मोठी माणसं बसवायची, दोघांची समजूत घालायची. पण ही रीत भांडणासाठी आहे, आणि भांडणात दोन्ही बाजूंना तोंड असतं. जिथे एकजण मारतो आणि दुसरीला सासूसमोर शब्द काढायची सोय नाही, तिथे समजूत कोण कुणाची घालणार? बैठक होईल, चहा होईल, मंडळी घरी जातील. मग 'बाहेर जाऊन काय सांगितलंस' याचा जाब त्या रात्री तिला एकटीला द्यावा लागेल. पुढच्या लसीला तिला तुमच्याकडे आणणारच नाहीत, दुसरा दवाखाना शोधतील. तिच्यापर्यंत पोचायची जी एक वाट तुमच्याकडे आहे ती अशानं तुमच्याच हातून बंद होईल.

शिवाय ती तुम्हाला पेशंट म्हणून ठाऊक झाली आहे, मंडळातल्या बाईंची सून म्हणून नाही. आईला नावानिशी काही सांगून बसला असाल तर आता फक्त 'माझा गैरसमज झाला होता' म्हणा आणि विषय संपवा. हे खोटं मी तुम्हाला बिनदिक्कत बोलायला सांगते आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही ती सहज लिहिली आणि पुढे गेलात: 'आवाजही बसलेला होता.' मी तिथेच थांबले. आवाज सर्दीनं बसतो, हे खरं. सिझर पूर्ण भूल देऊन, घशात नळी घालून झालं असेल तर त्यानंही एक-दोन दिवस बसतो. पण दंडावर बोटांच्या खुणा असलेल्या बाईचा आवाज दाखल होतानाच बसलेला असेल, तर पहिली शंका गळा दाबल्याची घ्यायची. गळा आवळल्यावर मानेवर वळ उठेलच असं नाही, पुष्कळदा कातडीवर काहीच दिसत नाही. दिसतं ते वेगळंच: घोगरा आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांवर लाल बारीक ठिपके, डोकं दुखणं, त्या क्षणाचं नीट न आठवणं. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली असेल तर पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. म्हणून अशी बाई समोर आली तर ड्युटी डॉक्टरांना त्याच वेळी, स्पष्ट शब्दांत सांगायचं, 'गळा दाबल्याची शंका आहे, तपासा.'

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या एका नर्सनंच 1980 च्या दशकात घरातल्या हिंसेतून खून होण्याचा धोका ओळखायची प्रश्नावली तयार केली. त्या वाटेनं पुढे झालेल्या 2008 सालच्या अभ्यासात दिसलं, की जोडीदारानं आधी कधी गळा दाबलेला असेल तर त्या बाईच्या खुनाची शक्यता सात पटींहून अधिक वाढते. थोबाडीत मारणं आणि गळ्याला हात घालणं हे एकाच पायरीवर नाही. बायका मात्र हे आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या हिशेबी 'मारलं' म्हणजे थप्पड, लाथ, पट्टा. गळा 'नुसता धरला होता'. म्हणून 'मारतात का' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तरी 'कधी कुणी गळा धरला होता का' हे वेगळं विचारावं लागतं.

तुम्हाला वाटतं ती काहीच न बोलता गेली. माझ्या मते ती बोलली. ड्युटी कधी असते हे बाळंतीण उगाच विचारत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी 14 टक्क्यांनीच कुणाकडे तरी मदत मागितली, आणि 77 टक्क्यांनी मदत तर नाहीच मागितली, कुणाला सांगितलंही नाही. तुमच्या वॉर्डातल्या खाटा मोजा आणि हा हिशेब लावा. या बायका पोलीस ठाण्यात जात नाहीत, वकिलाकडे जात नाहीत. बाळंतपणाला, टाक्यांना, लसीला मात्र येतात. तेही सासरच्यांच्या परवानगीनं, कारण बाळाची लस कुणी अडवत नाही.

इनचार्ज सिस्टरांची भीती खोटी नाही. साक्षीचं बोलावणं येऊ शकतं. पण नोंदी नीट असतील तर साक्ष म्हणजे बहुतेक वेळा आपणच लिहिलेलं वाचून दाखवणं. भीती वाटावी ती न लिहिलेल्या गोष्टीची. 'घरचं भांडण, आपण पडायचं नाही' ही भूमिका कायद्यालाही मान्य नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्याच्या कलम 4 प्रमाणे हिंसेची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, देऊ शकतं, आणि ती सद्हेतूनं दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. त्याखालच्या 2006 च्या नियमांत तर रुग्णालयाचं काम नावानिशी लिहिलं आहे: आधी रिपोर्ट आणा म्हणून अशा बाईला उपचार नाकारायचे नाहीत, घरगुती घटनेचा अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी तो नमुना एकमध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची. इनचार्ज सिस्टरांशी वाद घालू नका. हा नियम छापून शांतपणे त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि सांगा, की मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि आरोग्यावर काम करणारी सेहत ही संस्था यांनी घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' नावाचं केंद्र सुरू केलं, तेव्हापासून सरकारी ओपीडीच्या गर्दीतल्या सिस्टर हेच काम करत आल्या आहेत.

पोलिसांना कळवू का, असं विचारलंत. तुम्ही परस्पर, तिला न विचारता, आज फोन करावा असं मला वाटत नाही. ती सज्ञान आहे. घर सोडायच्या किंवा तक्रारीच्या काळात मारणाऱ्याचा राग सगळ्यात धोकादायक होतो, आणि त्या वेळी घरात ती असणार, आपण नाही. याला दोन अपवाद आहेत. डोळ्यांसमोर जीव धोक्यात असेल तर 112, तिथे परवानगीची वाट बघायची नाही. आणि मुलांवर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. जखमांची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायची की नाही हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. ते काम डॉक्टरांपुढे मांडायचं तुमचं.

आता दीड महिन्याचा दिवस. सगळी तयारी आजपासून करायची. लसीकरण तुमच्या वॉर्डात होत नसेल तर तिथल्या सिस्टरला 'ही बाई आली की मला हाक मार, टाके बघायचे राहिलेत' एवढंच सांगून ठेवा, कारण सांगू नका. सासू किंवा नवरा सोबत येईल हे धरून चाला. एकांत मागायचा नसतो, कामातून काढायचा असतो. लघवीचा नमुना द्यायला बाईला एकटीलाच जावं लागतं. टाके, अंगावरून जाणं, स्तनाला आलेली गाठ, हे बघताना पडदा ओढला जातोच. कुटुंब नियोजनाची विचारपूस 'आमच्या नियमाप्रमाणे' बाईशी एकटीशीच होते, हे ठामपणे सांगा. सासूबाईंना त्या वेळात बाळाचं वजन करायला दुसऱ्या सिस्टरबरोबर पाठवा, नातीचं वजन किती भरलं हे बघायला आजी हमखास जाते. मोठी मुलगीही त्यांच्याबरोबर जाऊ दे. साडेतीन वर्षांचं पोर ऐकलेलं घरी जाऊन जसंच्या तसं म्हणून दाखवतं, त्यामुळे तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. एकांत मिळालाच नाही तर त्या दिवशी विचारूच नका. दहा आठवड्यांची लस आहे, चौदाची आहे.

विचारताना आवाज रोजचाच ठेवा, रक्तदाब विचारतो तसा. 'ताई, आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायकांना घरी त्रास असतो, त्याचा दुधावर, तब्येतीवर परिणाम होतो, म्हणून मी सगळ्यांना विचारते. घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का?' आणि मग गप्प बसा. आपण नर्सा गप्प बसण्यात फार कच्च्या असतो. तिनं नजर खाली घातली तर चार सेकंद, दहा सेकंद तसेच जाऊ द्या. न्यूझीलंडसारख्या देशात आरोग्यसेवेत येणाऱ्या प्रत्येक बाईला हा प्रश्न ठरवून विचारायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटना सरसकट विचारा म्हणत नाही; खुणा दिसल्या तर विचारा, आणि त्याआधी एकांत, थोडं शिक्षण आणि पुढची सोय हाताशी ठेवा, असं तिचं म्हणणं. आपल्या ओपीडीच्या गर्दीत मला हे दुसरं अधिक पटतं. तुमच्या या बाईच्या बाबतीत मात्र खुणा दिसून झाल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाका: 'तुम्ही सांगाल ते मी घरच्यांना सांगणार नाही. फक्त मुलींना कुणी इजा करत असेल तर ते मला पुढे कळवावं लागेल.' हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो.

ती बोलली, तर पहिली दोन मिनिटं उपाय सुचवू नका. 'यात तुमची चूक नाही. हे सांगायला धीर लागतो.' एवढं पुरे. 'इतके दिवस सहन का केलंत', 'दोन मुली आहेत, जुळवून घ्या', 'सोडून का नाही देत' या तिन्ही वाक्यांना तोंडात येऊ देऊ नका. तिसरं वाक्य दिसायला पुढारलेलं असलं तरी कानाला पहिल्यासारखंच लागतं. मग तिला आत्ता काय हवं आहे ते विचारा. कदाचित तिला फक्त जळगावला बहिणीशी फोनवर बोलायचं असेल, कारण घरात मोबाइल काढून घेतला आहे. वॉर्डातल्या फोनवरून करून द्या.

त्यानंतर धोका किती आहे ते चाचपा. मार वाढत चालला आहे का? गळा कधी धरला होता का? गरोदरपणात मारलं होतं का? जिवे मारण्याची धमकी, हत्यार, रॉकेल-काडेपेटीचा धाक? तिला स्वतःला संपवावंसं वाटतं का? यातल्या एक-दोन प्रश्नांनाही 'हो' आलं, आणि विशेषतः गळ्याच्या प्रश्नाला, तर 'आज घरी गेलात तर सुरक्षित वाटेल का' हे विचारल्याशिवाय तिला खुर्चीवरून उठू देऊ नका. नाही म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून तिला दाखल करून घेणं, बाळाच्या निमित्तानं निरीक्षणाखाली ठेवणं, हे तुमच्या हातात आहे. वॉर्डातली एक खाट दोन दिवसांचा वेळ देते, आणि सासरच्यांना त्यात संशय घेण्यासारखं काही दिसत नाही.

घरी जाणार असेल, आणि बहुतेक वेळा जाणारच असते, तर थोडं ठरवून जाऊ द्या. मारामारी सुरू झाली की स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये अडकायचं नाही, बाहेर जाणाऱ्या दाराकडे सरकायचं. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलींचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड हे एका जागी, पटकन हाताला लागेल असं. बहिणीशी एक खुणेचं वाक्य ठरवायचं, 'लोणचं मुरलं का' असलं काहीतरी, की ते ऐकल्यावर तिनं फोन ठेवून मदत बोलवायची. नंबर कागदावर लिहून देऊ नका, पर्समध्ये सापडतो. 181 हा महिला हेल्पलाइनचा आकडा तीनच अंकी आहे, दोनदा म्हणून घेतला की पाठ होतो. तुमचा खासगी नंबर आणि व्हॉट्सॲप यांपासून लांब राहा. तुमच्या मोबाइलमध्ये तिच्या जखमांचे फोटो तर कधीच नकोत.

181 वरून तिला वन स्टॉप सेंटरपर्यंत पोचवतात. 2015 पासून देशभर सुरू झालेल्या या 'सखी' केंद्रांत डॉक्टर, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळतं, मुलींसह काही दिवस राहायचीही सोय असते. तिची हिंदी कच्ची असेल आणि फोनवर बोलायला घाबरत असेल, तर पहिला फोन तुम्ही शेजारी बसून लावा. तिनं मराठीत सांगायचं, तुम्ही पुढे हिंदीत. इंदुरात हे काम आपल्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्या सिस्टरइतकं कुणाला जमणार?

तिची सगळ्यात मोठी भीती बहुधा ही असेल, की घर सासूच्या नावावर आहे, तक्रार केली तर बाहेर काढतील. तिला सांगा, की कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ज्या घरात ती नांदते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो नसो. ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मिळू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 15 ऑक्टोबर 2020 चा निकाल आहे. माहेरी गेली तर जळगावच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे लागत नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत स्त्रियांना उत्पन्न न बघता मिळते, त्यांचा नंबर 15100. हे सगळं एका बैठकीत सांगू नका. घराचं तेवढं सांगा, बाकीचं तिनं विचारलं तर.

आणि ती 'नाही हो सिस्टर, सगळं चांगलं आहे' म्हणाली, तर 'बरं' म्हणा. उलटतपासणी नको. 'कधी कुणाला गरज पडली तर 181 आहे, आणि मी मंगळवारी-शुक्रवारी इथेच असते' असं सांगून बाळाकडे वळा. पुष्कळ बायका तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतात.

दुसऱ्या मुलीनंतर लगेच तिसऱ्यासाठी, म्हणजे मुलग्यासाठी, दबाव येणार हे तुम्हाला मी सांगायला नको. कुटुंब नियोजनाची ती पाच मिनिटं नुसतं निमित्त म्हणून वापरू नका. गोळ्यांचं पाकीट घरात सापडतं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन सरकारी केंद्रांत फुकट मिळतं, सहा आठवड्यांनंतर अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं, आणि घरी त्याचा मागमूस राहत नाही. पाळीत फरक पडू शकतो हे तेवढं आधी सांगा, नाहीतर त्यावरूनच प्रश्न सुरू होतील. घ्यायचं की नाही हे तिनं ठरवायचं, डॉक्टरांनी तपासून.

नोंदीबद्दल थोडं खडसावून बोलते, कारण इथे आपण सगळ्याच हलगर्जी करतो. डिस्चार्ज कार्ड नवऱ्याच्या हातात जातं. त्यावर यातलं एक अक्षर लिहायचं नाही. लिहायचं ते रुग्णालयात राहणाऱ्या केसपेपरवर. 'पडल्याने मार' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत, अवतरणात. तुम्हाला जे दिसलं ते वेगळं: उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल डाग, अमुक सेंटिमीटर. 'सांगितलेल्या कारणाशी जखमा जुळत नाहीत' हे वाक्य लिहायला तुम्ही पात्र आहात. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे मात्र ठरवू नका, रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मागच्या महिन्याची नोंद राहिली असेल तर जुन्या पानात घुसडू नका. आजची तारीख घालून, 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून, आठवतं तेवढंच लिहा.

आता मुली. पलंगाखाली बसणारी ती साडेतीन वर्षांची पोर मला पत्र वाचल्यापासून दिसते आहे. आईला मारताना बघणं हीसुद्धा मुलाला झालेली इजाच. 1998 साली अमेरिकेत बालपणीच्या आघातांवरचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आईला मार बसताना पाहणं हा आघातांमधला एक म्हणून मोजला होता, आणि असे आघात जितके जास्त तितके मोठेपणीचे आजार जास्त, असं दिसलं. या वयात ते दिसतं कसं? सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, पोट दुखतं पण तपासणीत काही निघत नाही, आई नजरेआड झाली की आकांत, किंवा वयाला न शोभणारा शहाणपणा, बाळाला सांभाळणं, आईला पाणी आणून देणं. अशा मुलीला 'बाबा मारतात का' असं कधीही विचारू नका. तिला रंग द्या, स्टेथोस्कोप कानाला लावू द्या, बाळाचं वजन वाचायला लावा. आपणहून काही बोलली तर 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही' म्हणा, आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

अंग मात्र डोळे उघडे ठेवून बघा. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग, किंवा चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही एक जरी डाग असला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. जे बाळ अजून कुशीवर वळत नाही ते स्वतःला मार लावून घेत नाही. तिथे आईच्या परवानगीचा प्रश्न मागे पडतो. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती यासाठीच आहेत. आईला अंधारात ठेवून मात्र करू नका, तिला सांगून करा, शक्य झालं तर तिच्याच हातून फोन लावून.

बाळाच्या बाबतीत तुम्हाला 'दूध कमी आहे' ही तक्रार ऐकायला मिळेल, बहुधा सासूकडून. भीतीत असलेल्या आईचा पान्हा अडतो, दूध असूनही उतरत नाही. वजन वाढत नसेल तर डब्याच्या दुधाआधी हे मनात आणा. ती सारखी रडते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही असं दिसलं तर बाळंतपणानंतरच्या उदासीनतेसाठी जी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आहे ती भरून घ्या. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी. कागदावरचा प्रश्न असल्यामुळे तो सासूच्या डोळ्यांतही खुपत नाही.

तुमच्या झोपेचं. तुम्ही तिला त्या घरातून सोडवून आणू शकणार नाही, आणि ते तुमचं काम नव्हे. पण हे एकटीनं उचलूही नका. वॉर्डात एक विश्वासू डॉक्टर आणि एक सिस्टर यांना, नाव न घेता नव्हे तर रीतसर, केस म्हणून सामील करून घ्या; तुमची नाइट लागली, तुम्ही सुट्टीवर गेलात, तर तिला ओळखणारं कुणीतरी तिथे हवं. आणि तुमच्याच घरात, तुमच्याच आयुष्यात असं काही झालेलं असेल म्हणून हे इतकं लागत असेल, तर 181 सिस्टरांसाठीही आहे. आपल्या व्यवसायात ही गोष्ट वाटते तितकी दुर्मीळ नाही, युनिफॉर्मच्या बाह्या लांब असतात एवढंच.

शेवटचं, ती आलीच नाही तर. दीड महिन्याची लस चुकली की तिचं नाव राहिलेल्यांच्या यादीत येतं, आणि यादीतल्या घरी फोन जाणं हे रोजचंच काम आहे. तो फोन तुम्ही नका करू, लसीकरणाच्या सिस्टरकडून जाऊ दे, आणि बोलणं बाळाच्या लसीचंच असू दे. आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत नवजात बाळाला बघायला घरी जाते. तिच्याकडून आई-बाळ दिसले का, बाळ पितं का, एवढंच विचारा. आशा त्याच गल्लीतली असते, तिला संशय सांगाल तर तो संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या ओट्यावर पोचेल. घर बंद आहे, आई दिसलीच नाही, आतून बोलू दिलं नाही, असं आशा म्हणाली तर मात्र वाट बघू नका. डॉक्टरांना सांगा, नमुना एक भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी पाठवायला लावा, आणि पावतीची प्रत केसपेपरला जोडून ठेवा.